कोरा रकाना

"त्यांचा नंबर कितवा होता, एवढंच सांगा," शिक्षिका म्हणाली. "आता मागण्यासारखं काही राहिलेलं नाही."

तिचा नवरा तीन आठवड्यांपूर्वी गेला होता. मूत्रपिंडासाठी थांबलेल्यांच्या यादीत त्याचं नाव चौदा महिने होतं, आणि एकदाही बोलावणं आलं नाही. रुग्णालयात विचारलं तर म्हणाले, यादी आम्ही नाही करत, कॉम्प्युटर करतो. तो कॉम्प्युटर कुठं असतो, हे विचारत विचारत ती या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात येऊन पोचली होती. तिला बसवलं ते नेमकं इंजिनवालीच्या टेबलासमोर.

इंजिनवाली हे तिथल्या इंजिनिअर बाईंना ऑफिसनं दिलेलं नाव. अकरा रुग्णालयांची सगळी माहिती एका डेटाबेसमध्ये होती आणि तो चालवणारं इंजिन, म्हणजे मुख्य प्रोग्रॅम, बाईंच्या हवाली होतं. यादीत कोण आधी आणि कोण नंतर, हे मात्र इंजिन ठरवत नसे. ते काम एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं फंक्शन, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, करायचं. डॉक्टर बाहेरचे, फंक्शनही बाहेरचं. रोज सकाळी इंजिन एकेका रुग्णाची माहिती त्याच्या पुढ्यात ठेवायचं, आणि ते जे गुण देईल ते रकान्यात भरायचं.

दीड वर्षापूर्वी, सुरू झालं त्याच आठवड्यात, ते फंक्शन एका रुग्णापाशी अडलं. त्यानं आतून एरर फेकली, म्हणजे अडचण लिहून पाठवली आणि काम थांबवलं. झेलायला कुणी नव्हतं, त्यामुळे त्याच्याबरोबर अख्खं इंजिन कोसळलं. काय फेकलं होतं तेही इंजिनाबरोबरच गेलं. अकरा रुग्णालयांत चार तास ना रक्ताचे रिपोर्ट दिसले, ना ऑपरेशनच्या वेळा. साहेबांनी इंजिनवालीला सगळ्यांदेखत झाडलं. बाहेरच्या माणसाच्या चुकीनं आपलं घर पडता कामा नये, म्हणाले.

त्यात खोटं काही नव्हतं. दोन दिवस मान मोडून बसून तिनं इंजिनाला नवी शिस्त लावली. बाहेरच्या फंक्शननं काहीही फेकलं तरी झेलायचं, त्या रुग्णाचा रकाना कोरा सोडायचा आणि पुढं जायचं. त्यानंतर इंजिन एकदाही पडलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली. हिच्या इंजिनाला शिंकसुद्धा येत नाही, असं लोक चहा पिताना म्हणायचे आणि तिला ते ऐकायला बरं वाटायचं.

तिनं शिक्षिकेकडून फाइलचा नंबर घेतला आणि जुन्या याद्या उघडल्या. पहिल्या महिन्यात तो माणूस अगदी तळाशी होता. दुसऱ्या महिन्यातही. त्याच्यामागून आलेली माणसं वर चढत गेली, त्यातल्या काहींना बोलावणं आलं, काही बरी होऊन घरी गेली. हा आपला तळाशीच. तिनं गुणांचा रकाना पाहिला. तो कोरा होता. गुणच नाहीत, म्हणून तळाशी.

"काय झालं?" शिक्षिकेनं विचारलं.

"थांबा हं जरा."

डॉक्टरांचं फंक्शन तिनं इंजिनाबाहेर काढलं आणि त्या एका माणसाची माहिती त्याला हातानं दिली. फंक्शननं लगेच एरर फेकली. या वेळी मध्ये झेलणारं कुणी नव्हतं, म्हणून ती पडद्यावर तशीच राहिली.

'या रुग्णाची एक रक्ततपासणी राहिली आहे. अंदाजानं गुण देऊ नका. यादी थांबवा आणि मला फोन करा.' खाली डॉक्टरांचा नंबर होता.

हा निरोप चौदा महिने रोज सकाळी येत होता. इंजिन तो रोज झेलत होतं आणि न वाचता टाकून देत होतं. वाचायला तिनं त्याला सांगितलंच नव्हतं.

तिनं सगळे कोरे रकाने मोजले. सत्तावीस. त्यातल्या अकरा फाइलींवर 'बंद' असा शेरा होता.

खोटं बोलायला जागा होती. शिक्षिकेला पडद्यावरचं काही कळलं नसतं. इंजिनवालीनं पडदा तिच्याकडं वळवला आणि सगळं सांगितलं.

शिक्षिका बराच वेळ त्या तीन ओळी वाचत राहिली. वह्या तपासताना वाचावं तशी, एकेका शब्दावर थांबून.

"या तपासणीला किती वेळ लागतो?"

"रक्त दिलं की दुसऱ्या दिवशी रिपोर्ट येतो."

शिक्षिकेनं मान हलवली.

"आणि हे बाकीचे?"

"सोळाजण अजून आहेत."

"मग माझ्या तोंडाकडं काय बघताय?" ती म्हणाली. "लावा फोन."

डॉक्टरांनी तिसऱ्या रिंगला उचलला. आवाज थकलेला होता, पण ती कुठून बोलतेय हे कळल्यावर त्यात एकदम जीव आला. इतका मोठा, की टेबलापलीकडंही स्वच्छ ऐकू जात होता. तिला काही बोलूच दिलं नाही त्यांनी.

"अहो, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले माझे. पूर्वी यादी कागदावर होती ना, तेव्हा महिन्यातून तीन-चारदा फोन यायचा मला. याची तपासणी राहिली, त्याची राहिली. तुमचं इंजिन आल्यापासून एकदाही नाही. घरी सगळ्यांना सांगतो मी, आता एकाही माणसाची तपासणी राहत नाही."