बिनकिकेची गाडी

"ही बी नको. जड हाय," पंचशीला म्हणाली आणि तिसरी बॅटरी तिनं काउंटरवर परत ठेवली.

नांदेडच्या त्या दुकानाचा मालक वीरेश गालात हसला. गाडीची बॅटरी घ्यायला आईला सोबत आणणारं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच पाहिलं होतं. नागसेनला त्याची लाज नव्हती. वीस वर्षं मुखेडच्या अंगणवाडीत लेकरांची वजनं घेतलेली त्याची माय. तिच्या हाताचा अंदाज काट्याइतकाच पक्का.

"माझ्या पोरानं भंगारातून गाडी उभी केली," तिनं कुणी न विचारता सांगितलं. "टाकीसुद्धा ठोकून ठोकून त्यानंच बनवली."

खोटं नव्हतं ते. आठ महिने अंगणात ठाकठूक चालली होती. बाजाराच्या दिवशी लोक वाकडी वाट करून गाडी बघून जायचे. रविवारी उदगीर रोडला मोटारसायकलींची शर्यत होती. गेल्या वर्षीचा पहिला, संगप्पा, अजून कुबडी घेऊन चालायचा, पण गावाच्या लक्षात राहिला तो त्याचा नंबर. यंदाचा नंबर आपला, असं नागसेननं सगळ्या मुखेडला सांगून ठेवलं होतं. आणि माय एका शब्दानं आडवी आली नव्हती. इतरांच्या आया गाडीची किल्ली लपवतात, आपली माय बॅटरी निवडायला आली, म्हणून त्याची मान ताठ होती.

"किक हाय का?" वीरेशनं विचारलं.

"कापून टाकली. दिसायला बरी दिसत नव्हती."

"मग सगळा जीव बॅटरीत, बघ."

पंचशीलानं वर पाहिलं. "रस्त्यात बंद पडली, तर ढकलून चालू व्हती का?"

"न्हाई मावशी. ठिणगी बी बॅटरीचीच लागती हिला."

वीरेशनं आतून लिथियमची बॅटरी आणली. तळहातावर मावेल एवढीच. "किलोच्या आत भरती. फक्त चार्जिंग साडेचौदा व्होल्टच्या वर जाऊ देऊ नको."

"नवा रेग्युलेटर बसवलाय," नागसेन म्हणाला.

पंचशीलानं ती हातात तोलली. "काढाया पाना लागतो का?"

"सॉकेट लावून देतो. हातानं निघती. चोराचिलटाची भीती वाटली तर घरात नेऊन ठेवा."

"हीच दे," ती म्हणाली.

दुकानातून निघताना वीरेश नागसेनला म्हणाला, "नशीबवान हायस गड्या. अशी माय कुणाला मिळती?"

शनिवारी संध्याकाळी बॅटरी बसली. नागसेननं बटण दाबलं आणि सगळी गल्ली दणाणली. शेजारची गुणाबाई कानावर हात ठेवून हसत होती. पंचशीलानं घरोघरी साखर वाटली. पोराकडं बघताना तिचे डोळे भरून आले, आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

"उद्या येतीस ना बघाया?" नागसेननं विचारलं.

"मला बघवत न्हाई रे. सकाळच्या गाडीनं कंधारला बहिणीकडं जाते. तू जेवून जा."

रविवारी चौकात पोरं हार घेऊन नागसेनची वाट बघत होती, तेव्हा कंधारच्या एसटीत पंचशीला शेजारच्या बाईला सांगत होती, "माझ्या पोराच्या गाडीला अख्ख्या जिल्ह्यात तोड न्हाई." सांगताना तिचा ऊर खरोखरच अभिमानानं भरून आला होता. मांडीवरची पिशवी तिनं पोटाशी ओढून घेतली. आत दोन भाकरी होत्या, ठेचा होता आणि फडक्यात गुंडाळलेली बॅटरी.