झाकणावरच्या सह्या

टिपणीसांनी सहावा डबा विभागप्रमुख मॅडमच्या टेबलावर ठेवला. आतल्या पातळ पट्ट्या तांबूस गंजल्या होत्या. गॅसशिवाय, नुसत्या चुंबकाच्या जोरावर फ्रीज गार करणारा हा धातू. त्याला दमट हवेचं वावडं, म्हणून सीलबंद डब्यांत ठेवायचा.

"हे सहाही यमुनाबाईंनी भरलेले. हा मी भरलेला डबा आज उघडला, त्यात डागही नाही. या बाई ओल्या हातांनी काम करतात, असा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. म्हणून तर यांचे डबे मी रोज सकाळी उघडून बघायचो."

दाराशी उभ्या यमुनाबाईंनी तळवे पुन्हा ॲप्रनला पुसले. महिनाभर बोलणी खाऊन ती सवयच लागली होती.

मॅडमनी झाकणं निरखून पाहिली. डबा उघडला की झाकणावर सही करायची, असा नियम होता. यमुनाबाईंच्या प्रत्येक झाकणावर वीस-बावीस सह्या होत्या, सगळ्या टिपणीसांच्या. टिपणीसांच्या झाकणावर एकच, आजची.

"हा आधी कधीच उघडला नाहीत?"

"माझा कशाला उघडू?" टिपणीस बोलून गेले, आणि मग त्या झाकणांकडे बघतच राहिले.