हिसक्याआधीचा प्रश्न

गळ विकणाऱ्या म्हाताऱ्याकडे लोक मासे मिरवायला कमी आणि बोटात रुतलेला गळ काढून घ्यायला जास्त येत. तो गळाच्या बाकाला दोरा अडकवी, दांडी कातडीशी दाबी आणि विचारी, “सासूबाई काय म्हणतात?” गिऱ्हाईक तोंड उघडतं न उघडतं तोच हिसका; उलट्या काट्यासकट गळ बाहेर. आज गळ त्याच्याच अंगठ्यात होता आणि दोरा लेकीच्या हातात. “बाबा, सासूबाई काय म्हणतात?” “माझाच डाव माझ्यावर? हॅट्!” त्याने हात आखडला. “बरं, मग त्या जाळी विणणाऱ्या बाईंना घरी कधी आणताय?” बायको गेल्यावर जुळलेली ही सोबत त्याने लेकीच्या धास्तीने वर्षभर लपवली होती. त्याने आ वासला. हिसका कळलाही नाही. “हे खरंच विचारलंस, की नुसतं गळ काढायला?” दोरा गुंडाळत लेक म्हणाली, “गळ कधीच निघाला. बोला.”