एक लांब, दोन आखूड

बेल वाजली तेव्हा तिने कॉम्प्युटरच्या डब्याचा शेवटचा स्क्रू नुकताच पिळला होता. स्क्रूड्रायव्हर उशीखाली सरकवून ती दाराशी गेली.

दारात बाबा उभे होते. खांद्याला हत्यारांची तीच जुनी पिशवी. मागे दादा, हातात गाडीची किल्ली.

"बारापर्यंत खाली थांबतो," दादा हलक्या आवाजात म्हणाला. "बाबांचे कपडे डिकीत आहेत. ठरलंय ते ठरलंय."

ठरलं होतं ते असं. महिनाभरात बाबांच्या हातून दोनदा गॅस उघडा राहिला होता, एकदा ते आपलीच गल्ली चुकले होते. दादाने वृद्धांच्या एका संस्थेत त्यांच्यासाठी खाट मिळवली होती. ती मात्र हटून बसली. सोमवारी तिची बाळंतपणाची रजा संपत होती. बाळाला सांभाळायला बाई येणार होती, पण त्या बाईवर नजर ठेवायला घरचं माणूस नको? शेवटी तोडही तिनेच काढली. तीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलेल्या माणसाला घरच्या कॉम्प्युटरचा दोष सापडला, तर बाबा इथे राहतील. नाही सापडला, तर दादाचं खरं.

दोष तिने स्वतःच करून ठेवला होता. कॉलेजात शिकलेलं तेवढ्यापुरतं कामी आलं.

दादा खाली गेला. बाबांनी चपला दाराबाहेर भिंतीला लावून नीट जोडीने ठेवल्या आणि चष्मा पुसत विचारलं, "काय तक्रार आहे, बाईसाहेब?"

तिला हसू फुटलं. आई लवकर गेली. शाळा सुटली की बाबा तिला दुकानात आणून उंच स्टुलावर बसवायचे. ती मोडका कॅल्क्युलेटर काउंटरवर ठेवायची आणि ते गंभीर चेहऱ्याने हेच, अगदी याच शब्दांत विचारायचे. तिनेही जुना सूर पकडला.

"चालूच होत नाही हो, मिस्त्री."

"कधीपासून?"

"आज सकाळपासून."

"पाडलाबिडला नाही ना? गिऱ्हाईक आणि चोर, आधी दोघंही नाहीच म्हणतात."

"नाही."

"बघा, म्हणालात."

तिने खुर्ची पुढे केली. त्यांनी मान हलवली. काम होईपर्यंत बसायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त. पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायले. पाळण्याकडे पाहून म्हणाले, "बाळ झोपलंय. बेताने करतो."

कॉम्प्युटर त्यांनीच जुळवलेला होता, ती तिसरीत असताना. तिने तो कधी टाकून दिला नव्हता. त्यांनी बटण दाबलं. आतला पंखा घरघरला. पडदा काळाच राहिला. मग आतून बीपचा आवाज आला. एक लांब, दोन आखूड.

बाबांचं बोट हवेतच थांबलं.

तिने घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा. बाबांनी मागची वायर काढली, पुन्हा खोचली, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. ते पडद्याच्या काळ्या काचेत नुसते पाहत राहिले. कुणाचं तरी नाव आठवत असल्यासारखे ओठ हलत होते. खाली दादाच्या गाडीचा हॉर्न वाजला. कार्ड, बाबा, कार्ड बघा, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"ओरडतोय, म्हणजे जिवंत आहे," बाबा अचानक म्हणाले. "एक लांब, दोन आखूड. पडद्यावर चित्र आणणारं कार्ड सुटलंय."

तिच्या जिवात जीव आला.

मग हात आपोआप चालू लागले. आधी वीज बंद. अंगातली वीज जावी म्हणून डब्याच्या पत्र्याला हात. चार स्क्रू ओळीने बशीत. "खोडरबर आहे का घरात?" तिने दिला. कार्डाचे सोनेरी दात त्यांनी पुसून लख्ख केले आणि अंगठ्याने दाबून कार्ड बसवलं. टक्.

"हे आपोआप सुटत नाही बरं का." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणीतरी हात घातलाय. मोठं पोर आहे का घरात?"

"आहे एक," ती म्हणाली. "महाद्वाड."

"असायचंच. कान धरा त्याचा."

पडदा उजळला. पांढरी अक्षरं भरभर उतरू लागली आणि ते एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. "डिस्क आली. कळफलक आला. तारीख, वेळ बरोबर. झालं काम." तारीख वीस वर्षांपूर्वीची होती. आतली घड्याळाची बॅटरी मेली असणार, तिने मनात म्हटलं. आता दुधात मिठाचा खडा कशाला टाका?

तिने खिडकीत जाऊन फोन लावला.

"दादा, दहा मिनिटांत काढला दोष. कपडे वर आणून दे आणि जा तू."

"नक्की?"

"माझ्यापेक्षा डोकं शाबूत आहे त्यांचं."

दादाने कपड्यांची पिशवी दाराशी आणून ठेवली. मग तो जिना उतरला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती पाहत राहिली. बाळ जागं झालं होतं. तिने त्याला उचललं आणि बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते किती अलगद घेतलं, मानेखाली कसा बरोबर हात ठेवला! तिचे डोळे भरून आले.

"आता बसा तरी, बाबा."

त्यांनी बाळाच्या टाळूवरून बोट फिरवलं, मग ते जपून तिच्याकडे परत दिलं आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

"गोड आहे हो बाळ. पण बसत नाही, बाई. बाराला माझ्या पोरीची शाळा सुटते. आई नाही तिला, फाटकाशी एकटीच माझी वाट बघत उभी असेल."