पुढच्या रांगेत उखा

"उखाला पुढं घे," मॅनेजर म्हणाला. "अगदी कॅमेऱ्यासमोर."

लखननं कॅमेरा डोळ्याला लावला. सुरतच्या पांडेसऱ्यातल्या त्या डाइंग मिलच्या आवारात डफ वाजू लागला. खानदेशच्या कानबाईदेवीचं गाणं. तीस कामगार, अंगात मिलनं दिलेले नवेकोरे पिवळे सदरे. पुढच्या रांगेत उखा. नऊ वर्षं रंगाच्या वाफेत उभं राहून त्याच्या छातीची चाळण झाली होती. मिलनं त्याला घरी बसवलं, त्यानं मिलवर केस केली. आणि आज त्याच मिलनं त्याला मानानं बोलावलं होतं. "देवीच्या कामात भांडण कसलं?" मॅनेजर म्हणाला आणि लखनला ते पटलं. शिकलेल्या माणसाला असलं काहीबाही लवकर पटतं.

लखनचं पोट गाण्यांच्या व्हिडिओ कॅसेटींवर चालायचं. जीव मात्र डॉक्युमेंटरीत. दोन वर्षं तो कॅमेरा घेऊन उखाच्या उशाशी बसला होता. तीच फिल्म आता केसमध्ये दाखवायची होती. गाण्यासाठी जागा, जनरेटर, दिवे, सगळं मिलनं फुकट दिलं. बदल्यात मागितली फक्त एक कॅसेट.

कानबाईपुढं डफ वाजला की खानदेशी माणूस नाही म्हणत नाही, मग छातीत श्वास असो नसो. उखा नाचला. दुसऱ्या कडव्याला तो मटकन खाली बसला. खोकला थांबेना. भिंतीशी उभी असलेली त्याची आई धुरपदाबाई पुढं धावली.

"बस कर रे भाऊ! पोऱ्याना जीव जाई!"

"माय, आखो एकदाव," लखन म्हणाला आणि पुन्हा कॅमेरा लावला.

उखाच हसला. "ऱ्हाऊ दे, माय. देवीनं काम शे."

चार वेळा घेतलं. मॅनेजर सावलीत खुर्ची टाकून बसला होता. तीस माणसं नाचत होती, त्याची नजर एकावरच.

लखननं खोकल्याचे, खाली बसण्याचे तुकडे कापून टाकले. गाणं झकास झालं. सुरतेत खानदेशी घरोघरी लागलं.

महिन्यानं तारीख आली. दोन माणसांनी धरून उखाला कोर्टात आणलं. तिथं टीव्ही मांडला होता. लखनची फिल्म लागली. अंथरुणावर उखा, खोकून खोकून निळा पडलेला. धुरपदाबाईला वाटलं, जिंकलो.

मग मिलच्या वकिलानं आपली कॅसेट घातली. डफ वाजला. पिवळ्या सदऱ्यात उखा उड्या मारत होता, हसत होता. बाकावरचा उखाही बघतच राहिला.

वकील धुळ्याकडचाच निघाला. त्यानं आवाजही चढवला नाही.

"दोन्ही तुम्हीच काढलंय?"

"हो," लखन म्हणाला.

"गाण्यात याला नाच म्हणून तुम्हीच सांगितलं?"

"हो."

"मग खोक म्हणून कोणी सांगितलं?"