लिहिलंय तेवढंच

साहेबांनी चिठ्ठी काकांच्या हातात ठेवली. झडपेचा आकडा त्रेचाळीस. खाली तोच आकडा अक्षरी, वेळ आणि सही.

"लिहिलंय तेवढंच ठेवायचं ना?" काकांनी विचारलं.

"लिहिलंय तेवढंच."

काका झडपेच्या टेबलाशी जाऊन बसले. जाड भिंतीपलीकडे चुंबकांनी वेढलेलं कड्यासारखं पोकळ पात्र होतं. त्यात वायू सोडायचा, तापवून त्याचा प्लाझ्मा करायचा आणि चुंबकांच्या जोरावर तो पात्राच्या भिंतीपासून दूर धरून ठेवायचा. वायू कमी पडला तर प्लाझ्मा पेटतच नाही. जास्त झाला तर काठाने थंड पडतो आणि पापणी लवायच्या आत कोसळतो.

किती वायू सोडायचा याचं साहेबांचं सूत्र या भिंतीला विसरत असे. भिंत आदल्या दिवशीचा वायू शोषून ठेवते आणि तापली की सोडते. काकांनी हे एकदा सांगून पाहिलं होतं. झडप फिरवणाऱ्याने झडप फिरवावी, असं उत्तर मिळालं आणि सगळे हसले. तेव्हापासून अकरा वर्षं, चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, काका गुपचूप दोन कमी ठेवत आले. प्रयोग यशस्वी होत गेले. साहेबांचा सन्मान झाला. अहवालात एकोणीस नावं छापली गेली, वातानुकूलन दुरुस्त करणाऱ्याचंसुद्धा. काकांचं नव्हतं.

काकांनी समितीकडे तक्रार केली. समितीने साहेबांकडे खुलासा मागितला. साहेबांनी काकांच्या, प्रत्यक्ष ठेवलेल्या आकड्यांच्या जुन्या नोंदवह्या मागवल्या, चार दिवसांनी परत केल्या. तक्रार तिथेच राहिली.

साहेब म्हणजे काकांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. घरी काका त्यांना पाहुणे म्हणत. गेल्या रविवारी तेवढंही म्हणाले नाहीत. भांडी आवरताना बहीण हळूच म्हणाली, "दादा, तुम्ही दोघं अगदी सारखे. मनात धरलं की सोडत नाही."

काकांना ते लागलं. सगळं ज्याला मिळालं, त्याने मनात धरायचं तरी काय?

आज काचेमागे बाहेरून आलेले तज्ज्ञ बसले होते. नव्या, मोठ्या यंत्राचं प्रमुखपद कोणाला द्यायचं ते ठरवणारे. काकांनी झडप फिरवली. सवयीने बोटं एक्केचाळीसवर थांबली. त्यांनी ती पुढे नेली. त्रेचाळीस. चिठ्ठी खिशात नीट घडी करून ठेवली. आता प्लाझ्मा कोसळेल आणि कोणी विचारलं तर साहेबांच्या सहीकडे बोट दाखवता येईल.

उलटी मोजणी संपली. पडद्यावर घनतेची रेषा चढू लागली. काका तिच्या उसळीची वाट पाहत होते. ती उसळली नाही. सरळ झाली, पाण्यासारखी स्थिर. पाच सेकंद. आठ. बारा. इतका वेळ प्लाझ्मा कधीच टिकला नव्हता.

काचेमागे टाळ्या सुरू झाल्या.

त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब पडद्याकडे बघतच नव्हते. ते झडपेच्या आकड्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. कोणीतरी अभिनंदनासाठी त्यांचा हात ओढला, तशी काखेतली फाइल निसटून काकांच्या पायाशी पडली.

काका वाकले. वरच काकांच्या नावाचं पत्र होतं, टाइप केलेलं, आजच्या तारखेचं, सही झालेलं:

'भिंतीतला वायू धरून काढलेला लेखी आकडा त्रेचाळीस असताना आपण परस्पर एक्केचाळीस ठेवल्यामुळे आजचा प्रयोग फसला. सबब आपणास तत्काळ सेवेतून कमी करण्यात येत आहे.'