तळघरातली काच

कुचेरासाहेबांनी तळघराच्या भिंतीवरची काचेची पट्टी बोटाने पुसली आणि मान हलवली. पट्टी अखंड होती.

"जमीन हलली असती तर ही फुटली असती, इलोनाबाई. काच कुणाची भीड धरत नाही."

इलोनाने तान्ह्या तिमेकला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. खाणीच्या कचेरीतून आलेल्या या माणसाने उन्हाळ्यात भिंतीतल्या भेगेवर आडवी काच चिकटवली होती. काच फुटली तर कोळसा या घराखालूनच काढला जातोय, हे खाणीला कबूल करावं लागणार होतं. मग खोदणं थांबलं असतं आणि त्यांना दुसरीकडे घर मिळालं असतं. पण तो येई तेव्हा काच जशीच्या तशी.

बाळाचा पाळणा आपोआप खिडकीकडे घरंगळतो, दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, हे तिने पुन्हा सांगितलं. सिलेसियाच्या या खाणपट्ट्यात एक सरळ घर दाखवा, असं म्हणून तो हसला. त्याच्या घरी टेबलही कललेलं, सूप वाढलं की ते सगळं सासऱ्याच्याच बाजूला जमतं म्हणे.

सासूबाई, त्राउदा, त्याच्यासाठी केकचा तुकडा घेऊन जिना उतरल्या.

"घर म्हातारं झालंय, साहेब," त्या म्हणाल्या. "मी नाही का वाकले? मला काय खाणीने वाकवलं?"

इलोनाने ओठ आवळले. स्वतःच्याच घराविरुद्ध साक्ष देणारी बाई तिने पहिल्यांदाच पाहिली होती.

नवऱ्याकडे, राफाऊकडे, तिने तक्रार केली, तर तो आईचीच बाजू घेऊन बसला. त्याचे वडील, एर्विन, खाणीतल्या आगीत गेले तेव्हा तो पाळण्यात होता. आईने दुसरं लग्न केलं नाही, या घरातून हलली नाही. आता या वयात तिला कुठल्या चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवायचं?

इलोनाला ते कळत होतं. परवाच, मृतांच्या स्मरणाच्या सणाला, सगळे दफनभूमीत गेले होते. आगीत गेलेल्यांची नावं कोरलेल्या दगडापाशी त्यांनी शेवंती ठेवली, दिवे लावले. त्राउदा दरवर्षीप्रमाणे घरीच थांबल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणाल्या. तळघरात बटाटे आणायला मात्र दिवसातून कितीदा उतरत. म्हाताऱ्या माणसाचा घरात असा जीव अडकतो, इलोनाला वाटलं. पण तिचा जीव पाळण्यात अडकला होता. तिमेक झोपला की ती छताकडे बघत बसे.

रविवारी दुपारी छताचं प्लास्टर पडलं. हाताएवढा तुकडा, तिमेकच्या उशीशेजारी. तो रडलासुद्धा नाही. इलोनाने त्याला उचलून शेजारणीकडे दिलं आणि थेट तळघर गाठलं. आता तरी काच फुटलेलीच असणार.

फुटलेलीच होती. तिचे तुकडे त्राउदांच्या ॲप्रनमध्ये होते. स्टुलावर उभ्या राहून त्या नवी पट्टी चिकटवत होत्या.

इलोना स्टुलापाशी गेली.

"कधीपासून, आई?"

"फुटली की बदलते."

"आत्ता प्लास्टर पडलं. तिमेकच्या डोक्याजवळ."

 त्राउदा सावकाश स्टुलावरून उतरल्या.

"लागलं त्याला?"

"नाही."

"मग त्याला घेऊन माहेरी जा, पोरी. आजच. राफाऊलाही ने. मी अडवणार नाही. फक्त कुचेराला काचेचं सांगू नकोस. नाहीतर ते खोदणं थांबवतील."

"थांबवू देत की. तेच तर हवंय आपल्याला."

त्राउदांनी मान हलवली आणि ओल्या भेगेवर तळवा टेकला. कुणाच्या छातीवर टेकवावा तसा.

"आगीनंतर भिंत घालून बंद केलेल्या भुयाराजवळ ते आत्ता कुठे पोचलेत," त्या म्हणाल्या. "त्या दगडावर नुसतं नाव आहे गं. एर्विनला कुणी वर आणलंच नाही."